यांचा जॉर्जिया वेगळा

आमच्या स्टाफरूममध्ये ‘ऊन फार आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. राहायचं मस्कतमध्ये, जूनमध्ये गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की बोटं पोळायची, आणि तरी हे तीन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काढले की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक बोट वर व्हायचं आणि आवाज यायचा, "याच वाक्यावर जॉर्जिया बुडाला!"

त्या खुर्चीवरच्या इतिहासाच्या सरांना मुलं जॉर्जिया सर म्हणत. पाठीमागे आम्हीही तेच म्हणत असू. नवी शिक्षिका आली की पहिल्या आठवड्यात हे वाक्य ऐकायची आणि दुसऱ्या आठवड्यात मला बाजूला घेऊन विचारायची, "मॅडम, सर बरे आहेत ना?" मी गणित शिकवते आणि शिवाय मराठी, म्हणजे सरांची जबाबदारी माझ्याकडे, अशी सगळ्यांची समजूत होती. मी सांगायचे की सर उत्तम आहेत, फक्त त्यांचं रेसिडेन्स कार्ड ओमानचं असलं तरी मुक्काम जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत आहे.

प्रकरण असं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचं राज्य आहे. ते वसवलं गेलं तेव्हा लंडनमधल्या काही गृहस्थांनी ठरवलं, की इथे गरिबाला नव्याने उभं राहता येईल अशी वसाहत करायची. त्यांनी नियम केले. गुलाम ठेवायचा नाही. कडक दारू आणायची नाही. वकिली करायची नाही. जमीन बेताची, ती आपली आपण कसायची, विकायची नाही. आणि तुतीची झाडं लावायची, कारण रेशीम काढून इंग्लंडला धाडायचं होतं. शेजारच्या वसाहतीत मात्र गुलाम राबत होते आणि मालक सावलीत बसून गब्बर होत होते. ते बघून जॉर्जियातल्या बऱ्याच जणांच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी लंडनला अर्जांवर अर्ज केले, की ऊन फार आहे, या उन्हात आमच्याच्याने काम होत नाही, आम्हालाही गुलाम ठेवू द्या. डोंगराळ मुलखातून आलेल्या काही स्कॉटिश लोकांनी उलटा अर्ज केला, की गुलाम नकोत, ते पाप आहे. पण शेवटी उन्हवाले जिंकले. एक पिढी पुरती मोठी व्हायच्या आत बंदी उठली.

ते लंडनचे गृहस्थ काही संत नव्हते, हेही सर सांगायचे. मुळात ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, आणि मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नाही असला दळभद्री नियमही त्यांनीच केलेला. सरांना एकुलती एक मुलगी, त्यामुळे या नियमावर त्यांचा विशेष राग. पण बंदी उठल्याचं सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा पडायचा. "टिकले असते हो," ते म्हणायचे. "थोडी कळ काढली असती तर टिकले असते." आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलावं तसं. मी एकदा म्हटलं, "सर, निकाल लागून जमाना झाला." तर म्हणाले, "बाई, तुमचं गणित एकदा सुटलं की सुटलं. आमचं रोज नव्याने चुकतं." शाळेत मी सगळ्यांची मॅडम, फक्त त्यांची बाई.

सर मूळचे पुण्याचे. उंच, किडकिडीत, बारा महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खांद्याला खाकी कापडाची पिशवी. पिशवीत वह्या कोंबलेल्या, तिच्या वजनाने एक खांदा कायमचा खाली आलेला. मुलं धावायची, शाळेचा शिपाई धावायचा, पण त्या पिशवीला कोणाचा हात लागू द्यायचे नाहीत. "सुरुवात पिशवीपासून होते," म्हणायचे. "मग छत्री धर. मग सगळंच धर." चहा स्वतः करायचे, कप स्वतः विसळायचे. तो चहा इतका भयंकर असायचा, की तत्त्वापायी माणूस काय काय पोटात ढकलतो याचं मला नवल वाटायचं.

स्टाफरूमच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. एकदा तिथे भर उन्हात मजुरांचं खोदकाम चाललं होतं. आतल्या एसीत शाल घेऊन बसलेली एक शिक्षिका सवयीने बोलून गेली, "बाप रे, कितनी धूप है!" सरांनी आपलं वाक्य हिंदीत ऐकवलं, मग खिडकीकडे हात केला. "ते म्हणाले तर मी ऐकून घेईन," ते म्हणाले. मग थर्मासमध्ये बर्फाचं पाणी भरून स्वतः खाली गेले आणि फोरमनशी भांडून आले. फोरमनने त्यांना ‘यल्ला, यल्ला’ करून हाकललं, असं शिपायाने नंतर सांगितलं. सर दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

त्यांच्या वर्गात बाकं ओळीने नसत, चौकोनात असत, मधे मोकळी जागा. त्या वसाहतीचं पहिलं गाव, सवाना, असंच चौकाचौकांनी आखलेलं आहे म्हणे. बोर्डाच्या पुस्तकात जॉर्जियाचं नाव नव्हतं, पण सर सिंधू संस्कृतीपासून निघाले तरी घंटा व्हायच्या आत सवानाला पोचत. एका मुलाने परीक्षेत चंपारणच्या शेतकऱ्यांवर निळीऐवजी तुती लावायची सक्ती केली. सरांनी त्याला अर्धा मार्क दिला. "जुलूम बरोबर ओळखलाय," ते मला म्हणाले, "पीक तेवढं चुकलंय." त्या मुलाचे वडील तणतणत आले होते, पण सरांनी त्यांनाही बाकावर बसवलं आणि सवाना समजावून दिलं. खरं सांगायचं तर सर कधीकधी अगदी नको व्हायचे. ऑफ पिरियडला ते येताना दिसले की मी लायब्ररीत जाऊन बसायचे.

त्यांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. ठेंगण्या, गोल, सदा हसऱ्या. सर जॉर्जियावर सुरू झाले की त्या डाळीतले खडे वेचल्यासारख्या शांतपणे ऐकत बसायच्या. त्यांच्या रूवी भागातल्या फ्लॅटमध्ये दाराजवळ खुंटीला एक मरून रंगाचा जाड लोकरी कोट टांगलेला असायचा, दुकानाच्या लेबलासकट. मस्कतमध्ये लोकरी कोट! मी न राहवून विचारलं, "वहिनी, हा कशाला?"

"माझ्या जॉर्जियाला लागतो," त्या म्हणाल्या.

"म्हणजे सर नेणार आहेत तुम्हाला?"

"यांचा जॉर्जिया वेगळा, माझा वेगळा," म्हणून त्या हसत सुटल्या. सर चष्मा पुसायला लागले. ही नवरा-बायकोची आपापसातली थट्टा असणार, असं समजून मी पोहे खाल्ले आणि विषय सोडून दिला.

मदिनत सुलतान काबूस या बड्या लोकांच्या वस्तीत एक मोठ्या हुद्द्यावरचे मराठी गृहस्थ राहतात. त्यांच्या व्हिलात गणपतीला आम्ही सगळे जेवायला जमायचो. एका वर्षी पानं मांडल्या मांडल्या सरांनी जॉर्जिया काढला. "बघा, दारूला परवाना, जमीन आपल्या नावावर नाही, आणि नियम सगळे वरून आलेले. अहो, आपण सवानातच राहतो!" सगळे हसले. यजमानीणबाईही हसल्या, आणि बोलता बोलता सांगून गेल्या की घरी कामाला असलेल्या श्रीलंकन मुलीचा पासपोर्ट त्या स्वतःच्या कपाटात ठेवतात.

"तिच्याच भल्यासाठी हो. कुठेतरी हरवून बसेल नाहीतर."

सरांनी हातातला घास खाली ठेवला. "सगळं भल्यासाठीच सुरू होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?" यजमानांचा आवाज चढला. "आम्ही काय तिला गुलाम ठेवलंय?"

"तसं म्हणत नाही मी. पण तुमचा पासपोर्ट तुमच्या साहेबांच्या कपाटात असतो का?"

आरतीचं तबक कुणीतरी उगाच इकडचं तिकडे केलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, मोदक गार होतोय तुमचा." मग आपलं ताट उचलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्या मुलीशेजारी बसून जेवल्या. पार आम्ही निघेपर्यंत तिथेच होत्या. आतून दोघींचं हसू ऐकू येत होतं, कुठल्या भाषेत ते देव जाणे.

पुढच्या वर्षी सरांना आमंत्रण आलं नाही. आम्हाला आलं. मोदक वाढायला तीच मुलगी होती. मी हळूच विचारलं, "पासपोर्ट?" तिने इकडेतिकडे बघितलं. "माय बॅग, मॅडम," ती म्हणाली आणि माझ्या पानात एक मोदक जास्तीचा टाकला. शाळेत मी हे सरांना सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले, पण त्या दिवशी दोनदा चहा करून प्यायले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात वहिनी आजारी पडल्या. सर त्यांना पुण्याला घेऊन गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकटेच परत आले. कोणी फार काही विचारलं नाही. त्यांच्या खांद्याला तीच पिशवी होती, शर्ट तसाच पांढरा होता, फक्त इस्त्री नव्हती. ते आल्यावर दोन-चार दिवसांनी पी.टी.चे तरुण मास्तर मैदानावरून घाम पुसत आले आणि म्हणाले, "उफ, धूप बहुत है आज." सगळ्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. सर वह्या तपासत होते. बोट वर झालं नाही. मला इतकं चुकल्याचुकल्यासारखं झालं की शेवटी मीच म्हटलं, "सर, जॉर्जिया बुडाला ना?" त्यांनी मान वर केली. "हो, बाई," म्हणाले, "बुडाला," आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. बोट पुन्हा वर व्हायला बरेच महिने गेले. मी पुन्हा म्हणून त्यांना टाळून लायब्ररीत गेले नाही.

सर निवृत्त झाले ते मार्चअखेर. निरोपाच्या भेटीचं काम पी.टी.च्या मास्तरांनी अंगावर घेतलं. सरप्राइज आहे म्हणाले, आम्हीही विचारलं नाही. मला वाटलं घड्याळ असेल. निरोपाच्या दिवशी भाषणं झाली, हार झाले, आणि मास्तरांनी सरांच्या हातात एक मोठा लिफाफा ठेवला. "सर, लाइफ भर आप जॉर्जिया, जॉर्जिया बोलते रहे. अब जाके देख के आओ!" टाळ्या पडल्या. सरांनी लिफाफ्यातून विमानाचं तिकीट काढलं. सोबत एक चित्र होतं, बर्फाचा डोंगर आणि त्याच्यापुढे दगडी चर्च. खाली लिहिलं होतं, तिबिलिसी.

हा भलताच जॉर्जिया होता. गल्फमध्ये जॉर्जिया म्हटलं की एकच, तो रशियाला लागून असलेला देश. ईदच्या सुट्टीला अर्धं मस्कत तिकडे जाऊन बर्फात फोटो काढून येतं. रेसिडेन्स कार्ड असलं की व्हिसासुद्धा लागत नाही. बिचारे पी.टी.चे मास्तर सदा मैदानावर. सरांची गोष्ट त्यांनी कधी पुरती ऐकलीच नव्हती, फक्त नाव ऐकलं होतं. सर त्या चित्राकडे बघत उभेच राहिले. मग म्हणाले, "थँक यू," आणि खाली बसले. भाषण केलं नाही. सर आणि भाषण नाही!

दुसऱ्या दिवशी मी रूवीला ट्रॅव्हल्सवाल्या हसनभाईंकडे गेले. हसनभाई श्रीवर्धनचे, आमच्या सगळ्यांची तिकिटं त्यांच्याकडेच.

"हसनभाई, चुकीच्या जॉर्जियाचं तिकीट काढलंत."

"जॉर्जिया चुकीचा? काय बोलता मॅडम! आख्खी पब्लिक तिकडंच जाते. कार्ड दाखवा, यल्ला, आत. तुमचा दुसरा कुठला?"

"अमेरिकेतला."

हसनभाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अल्ला! आणि किती आहेत? मॅडम, अमेरिकेचा व्हिसा म्हणजे टाइम लागेल. सरांचं कार्ड महिन्याभरात खलास होतंय."

"मग हे रद्द करून पैसे तरी द्या त्यांना."

"करू इन्शाल्ला. पण पहिलं सरांना विचारून या. कार्ड गेलं की हा जॉर्जिया पण इतका सोपा नाय राहणार."

सरांच्या फ्लॅटमध्ये खोकी बांधून ठेवलेली होती. भिंती मोकळ्या झालेल्या. दाराजवळच्या खुंटीला तेवढा तो मरून कोट तसाच होता. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, की आमची फार मोठी गफलत झाली, मास्तरांना माहीत नव्हतं, हसनभाई तिकीट रद्द करायला तयार आहेत.

"बसा, बाई," सर म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी तो चहा केला. मी तो घेतला.

"माझ्याकडे ते जॉर्जियाचं पुस्तक कुठून आलं, विचारलंत कधी?"

खरंच, एवढ्या वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं.

"आमच्या हिला तिबिलिसीला जायचं होतं. शेजारणीने फोटो दाखवले होते. तेव्हापासून एकच घोशा, ईदला जाऊ या, मला बर्फ बघायचाय. मी म्हटलं, आधी अभ्यास करू. मदिनत सुलतान काबूसमध्ये एक अमेरिकन कुटुंब घर सोडून चाललं होतं, अंगणात सामान विकायला मांडलेलं. पुस्तकावर जॉर्जिया दिसलं, घेतलं उचलून. घरी येऊन उघडतो तर सवाना आणि तुती! ही इतकी हसली, इतकी हसली. म्हणाली, इतिहासाचे मास्तर, भूगोलात नापास झालात."

सर स्वतःही हसले. मग त्यांनी कोटाकडे बघितलं.

"मग ते पुस्तक मी वाचत बसलो. तिने हा कोट आणला. दर ईदला जायचं ठरायचं. दर ईदला माझं काहीतरी निघायचं. पेपर तपासायचेत. मुलीचं लग्न आहे. पुढच्या ईदला नक्की. ती कधी रागावली नाही, नुसती म्हणायची, यांचा जॉर्जिया वेगळा, माझा वेगळा. बाई, मी माझ्यात इतका रमलो की तिचा राहूनच गेला."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"तिकीट रद्द करू नका," सर म्हणाले. "काल ते चित्र बघितलं आणि मला वाटलं, हिनेच पाठवलंय. माझा जॉर्जिया आहे तिथे राहील. तिचा एकदा बघून येतो."

आणि ते गेले. सोबत तो कोटही गेला. पी.टी.च्या मास्तरांना आम्ही आजतागायत काही सांगितलेलं नाही. आपण सरांचं आयुष्यभराचं स्वप्न पुरं केलं असं ते मानतात, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही.

परत आल्यावर सरांना मस्कतमध्ये जेमतेम दोन-तीन दिवस मिळाले. पुण्याला मुलीकडे जायचं विमान दुपारचं होतं. मी त्यांना सोडायला गेले. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी सुरू केलं, आणि कितीतरी वर्षांनी मी त्यांचं बोलणं संपू नये म्हणून गाडी सावकाश चालवली.

"बर्फ बघितला. कोट हातावर घेऊन उभा राहिलो. लोक बघत होते, म्हातारा थंडीने कुडकुडतोय आणि कोट घालत नाही! पण मजा पुढेच आहे. येताना रस्त्याच्या कडेला एक बाई सुकी फळं विकत होती. मी ड्रायव्हरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, तुता. मी म्हटलं, काय? तुता, तुता, म्हणून त्याने मागच्या झाडाकडे बोट केलं. बाई, तुती! इथले ओमानी तूत म्हणतात, आपण तुती म्हणतो, ते तुता म्हणतात. माझ्या जॉर्जियात सक्ती करून धड झाली नाही ती. लंडनहून माणसं पाठवली, नियम केले, रेशमाचे किडे गारठून मेले, लोक कंटाळले. आणि हिच्या जॉर्जियात दारोदार! पान नव्हतं झाडावर अजून, तरी मी त्याला हात लावून उभा राहिलो. ही असती तर म्हणाली असती, इतकी वर्षं तुतीच्या नावाने बोंबलत होतात, ती माझ्याकडेच होती."

"आणि कोट?" मी विचारलं.

"त्या बाईला दिला. पातळ स्वेटरवर बसली होती. तिला वाटलं मी विकायला आलोय. नको नको करून खिसे उलटे करून दाखवायला लागली." सर हसता हसता डोळे पुसत होते. "मग मी खुणेने सांगितलं. बायकोचा. ती नाही आता. तेव्हा तिने घातला. अगदी हिच्याच मापाची होती हो. लेबल मी सकाळीच काढून ठेवलं होतं. आणि मग तिने ही पिशवी घेतली माझ्याकडून आणि काठोकाठ भरून दिली. सोडेचना."

विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली. एप्रिलचा महिना, डांबर तापून वाफा येत होत्या. मोठ्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. सरांनी खाकी पिशवी खांद्याला लावली आणि चार पावलं चालून थांबले.

"बाई."

"काय सर?"

"ऊन फार आहे."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. बोट वर झालं नाही. त्यांनी पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"जरा पिशवी धरता?"

मी धरली. आत सुकी तुती गच्च भरलेली होती. इमारतीच्या दारापर्यंत ती माझ्याच खांद्यावर होती, आणि सर शेजारून मोकळ्या हातांनी चालत होते.